हौदातल्या गप्पीची गोष्ट

डास वाढले की आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात, ते गप्पी मासे. आज आम्ही बचत गटाच्या बायका टाक्यांत वाढवतो, ते रंगीत शेपटीचे गप्पी त्यांचेच भाऊबंद.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. १८६६ मध्ये त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून त्याला हे नाव मिळालं. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासात हिवतापाचा जंतू सापडला. मग डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशाला महत्त्व आलं आणि इंग्रजांच्या काळात तो भारतात आला. पुढे हौशी लोकांनी निवडून निवडून त्याचे रंग खुलवले.

गप्पी अंडी घालत नाही, महिन्याभराने पिल्लंच देतो. पण आईच पिल्लं खाते! म्हणून टाकीत पाणवनस्पती दाट ठेवायची. पिल्लांना लपायला जागा होते.

आपलं कुरुंदवाड पंचगंगेकाठचं. २०१९ चा महापूर कोण विसरेल? टाकी वाहून गेली, तर नुकसान आपलं एकट्याचं नाही. हा पाहुणा नदीत देशी माशांची पिल्लंही खातो. म्हणून आम्ही ठरवलंय, पुराचा इशारा आला की दागिने, कागदपत्रं आणि माशांची झाकलेली बादली एकदमच माळ्यावर न्यायची. आणि नको झालेला मासा नदीत कधीच सोडायचा नाही.