रंग गहूवर्णी, बांधा सडपातळ

हरवलेल्या माणसाची पोलिसी नोटीस कुठलीही घ्या: रंग गहूवर्णी, चेहरा गोल, नाक सरळ, बांधा सडपातळ. एवढ्यावर शोधायला निघालात तर मुंबईतल्या माहुलच्या एकेका इमारतीतून अर्धा डझन माणसं हाती लागतील. गावठाणातले कोळी-आगरी असोत की तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर इथे आणून टाकलेली कुटुंबं, केस काळे आणि डोळे तपकिरीच.

तेच वर्णन आता रक्ताच्या थेंबातून काढता येतं म्हणे. नेहमीची डीएनए चाचणी दोन नमुने जुळवते. जुळवायला संशयितच नसेल तर ती तिथेच अडते. फेनोटाइपिंग अनोळखी माणूस दिसत कसा असेल ते सांगू पाहतं. २०१८ची ‘हायरिसप्लेक्स-एस’ पद्धत ४१ जनुकीय खुणांवरून डोळे, केस आणि कातडीच्या रंगाचा अंदाज बांधते. युरोपात निळे डोळे निघाले तर तपास पुढे सरकतो. आपल्याकडे डोळे-केसांचं उत्तर आधीच ठाऊक; उरतो कातडीचा रंग. आणि रंगावरून जात ताडायची खोड आपल्याला नवी नाही.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमध्ये नाकं मोजवून घेतली आणि नाक रुंद तितकी जात खालची, असं १८९१च्या सुमारास ठोकून दिलं. त्याआधीच, १८७१च्या कायद्याने, काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या होत्या. मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली ही मापं पुन्हा तपासली. गंगेच्या खोऱ्यातल्या हिंदुस्थान प्रांताबाहेर सूत्र टिकेना. घुर्यांचीच आकडेवारी घेऊन बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेचा वंशसिद्धान्त मोडीत काढला.

पण रंगरूपावरून जमात गुन्हेगार ठरण्याची भीती गेली नाही. डीएनए विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीने २०२१ साली बजावलं, की या माहितीतून एखाद्या जातीवर वा समाजावर गुन्हेगारीचा चुकीचा शिक्का बसू शकतो. विधेयक २०२३ साली मागे घेतलं गेलं. त्यातला नियामक मंडळाचा प्रस्तावही त्याबरोबर गेला, याची हळहळ फारशी कुणाला वाटली नाही. मधल्या काळात २०२२चा ओळखपटवणी कायदा आला: जैविक नमुने घेण्याची आणि त्यांचं विश्लेषण करण्याची मुभा, नोंदी ७५ वर्षं जपायच्या. निर्दोष सुटलेल्याची नोंद सहसा पुसली जाते. नमुन्यातून चेहरा वाचू नये, असं मात्र त्यात कुठे लिहिलेलं नाही.