'इंडेक्स टू'ची पंचवीस वर्षं

आपल्या प्रत्येकाच्या कपाटात घराची एक फाइल असते. त्यात करारनामा, स्टॅम्प ड्यूटीची पावती आणि 'इंडेक्स टू'. या शेवटच्या कागदामागे एका सरकारी खात्याचा इतिहास आहे.

नोंदणीचा कायदा 1908 चा. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त द्यायचा आणि सरकारी दप्तरात त्याची नक्कल होईपर्यंत वाट पाहायची. मूळ दस्त हातात यायला महिने लागायचे, कधी वर्षंही जायची. जुना दस्त शोधायचा तर बुकं चाळायची. कुठली वाडी पूर्वी कोणत्या गावाच्या नावाखाली होती, हे मुरलेल्या कारकुनालाच ठाऊक!

2002 च्या सुमारास 'सरिता' ही संगणक प्रणाली आली. दस्त स्कॅन होऊ लागला आणि मूळ प्रत बहुधा त्याच दिवशी मिळू लागली. 2012 मध्ये 'आय-सरिता'ने कार्यालयं एकमेकांना जोडली. आज इंडेक्स टू घरबसल्या पाहता येतो.

पण संगणकाने वेग दिला, कारकुनाची जाण नाही. ऑनलाइन शोध मुंबईत 1985 पासूनच्या आणि उर्वरित महाराष्ट्रात 2002 पासूनच्या दस्तांचा होतो. त्याआधीचं बुकांतच शोधावं लागतं. सर्व्हे नंबर किंवा नाव चुकीचं टाइप झालं असेल, तर दस्त असूनही सापडत नाही. कारकून निवृत्त झाला, की त्याच्या डोक्यातलं ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जातं.

हे आपल्याला का महत्त्वाचं? 1963 च्या मोफा कायद्याने जमीन सोसायटीच्या नावे करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. अनेकांनी ते केलं नाही, म्हणून 2008 मध्ये 'डीम्ड कन्व्हेयन्स'ची तरतूद आली. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, तर सभासदांचे नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशे असं सगळं लागतं. उद्या रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला, तरी पहिला प्रश्न जमीन कोणाच्या नावावर, हाच!

सोसायटीचं ऑफिसही छोटं दप्तरच आहे. सेक्रेटरी बदलला, की 'ती फाइल कुठंय?' सुरू होतं. म्हणून प्रत्येक सभासदाच्या इंडेक्स टूची प्रत ऑफिसात हवी, तिचं स्कॅनही हवं आणि कुठला कागद कुठे आहे याची लेखी यादी नव्या कमिटीच्या हाती सही घेऊन द्यायला हवी. रौप्यमहोत्सवी वर्षात एवढं झालं, तरी पुढच्या पिढीची बरीच धावपळ वाचेल.