आत्याला गाडी लागते

माझ्या आत्याला गाडी लागते. घरात कुणाचं लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी तिच्या सीटचा प्रश्न निघायचा. लिंबू, आलेपाक, प्लास्टिकच्या पिशव्या अशी सगळी तयारी व्हायची. भाड्याच्या क्वालिसमध्ये मधल्या रांगेत खिडकीशी आत्या आणि मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून आम्ही पोरं. आंबा घाटातली चार वळणं झाली की गाडी थांबायचीच.

पुढे इनोव्हा आली आणि आत्या तोच घाट झोपेत उतरली. रत्नागिरीत उतरल्यावर म्हणाली, "गाडी बरी होती." का बरी होती, हे शोधताना मी इंडोनेशियात पोचलो. म्हणजे वाचत वाचत.

1977 साली टोयोटाने तिथे 'किजांग' नावाची गाडी आणली. किजांग म्हणजे भेकर, आपल्या सह्याद्रीत भुंकतं तेच. नाव असं चपळ असलं तरी गाडी होती साधा पिकअप ट्रक. इंजिन जेमतेम 1.2 लिटरचं, आणि बॉडी सपाट पत्र्यांची, कारण ती स्थानिक कारखान्यात सहज बनायला हवी होती. बॉनेट उघडताना सुसरीच्या जबड्यासारखं दिसायचं म्हणून लोकांनी तिला 'किजांग बुआया', म्हणजे मगर किजांग, म्हणायला सुरुवात केली.

गंमत पुढेच आहे. हा ट्रक कुटुंबासाठी नव्हताच. पण बॉडी बांधणाऱ्या तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी मागच्या हौद्याच्या जागी छप्पर, खिडक्या आणि बाकं बसवली. आई-बाबा, आजी-आजोबा, मुलं आणि सामान सगळं एकाच गाडीत मावू लागलं. कंपनीने हे पाहिलं आणि पुढच्या पिढ्या कुटुंबाला धरून घडवल्या. म्हणजे फॅमिली गाडीची कल्पना आधी गल्लीतल्या गॅरेजात साकारली आणि नंतर कंपनीच्या ड्रॉइंग बोर्डवर गेली.

याच वंशातली गाडी जानेवारी 2000 मध्ये 'क्वालिस' होऊन आपल्याकडे आली. ती बनवणारी टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी 1997 मध्ये स्थापन झाली होती आणि तिचा कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला आहे. यातले किर्लोस्कर तेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. टोयोटाशी भागीदारी करणारे विक्रम किर्लोस्कर त्यांच्या चौथ्या पिढीतले.

क्वालिस डब्यासारखी दिसायची, पण टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं, कारण ती दमत नव्हती. आत्याची अडचण मात्र गाडीच्या पोटाखाली होती. क्वालिसच्या मागच्या चाकांवर ट्रकसारखे कमानपाटे होते. पाटे ओझं छान पेलतात, पण ओझं कमी असलं की प्रत्येक खड्डा वर पाठवतात.

2005 मध्ये कंपनीने चांगली खपणारी क्वालिस बंद केली आणि तिच्या जागी इनोव्हा आणली. इनोव्हाच्या मागच्या चाकांवर पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग होत्या. आत्याच्या झोपेचं मोठं कारण हेच असावं. तरी खाली शिडीसारखी जाडजूड चासी होतीच, आणि तिचं कूळ हायलक्स पिकअपचं. 2016 च्या क्रिस्टामध्ये आतली सजावट बदलली, इंजिन जोरदार झालं, चासी मात्र राहिली.

25 नोव्हेंबर 2022 ला भारतात हायक्रॉस दाखवली गेली, तेव्हा ती शिडी गेली. बॉडी आणि सांगाडा एकसंध झाले, इंजिनाची ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांकडे गेली, डिझेलच्या जागी पेट्रोल आणि हायब्रिड आलं. महागड्या मॉडेलमध्ये मधल्या सीटला पाय टेकवायला ऑटोमन. चारच दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, विक्रम किर्लोस्कर गेले.

ऐषआराम म्हटलं की आपल्याला लेदर, सनरूफ आठवतं. मला या 45 वर्षांच्या प्रवासात वेगळंच दिसतं. इथे ऐषआराम म्हणजे माणसांच्या खालून हळूहळू ट्रक काढून घेणं. आणि तोही ड्रायव्हरपेक्षा मधल्या रांगेसाठी, जिथे आत्या बसते.

पण ट्रकबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पहिली किजांग स्वस्त असावी म्हणून सपाट पत्र्याची होती. हायक्रॉस बाजारात आली ती एक्स-शोरूम 18.30 लाखांपासून, आणि ऑटोमनवाली जवळपास 29 लाखांना. ज्या घरात आठ माणसं एकत्र निघतात, त्या घराला ही किंमत परवडतेच असं नाही. आमच्या घराने यातली एकही गाडी कधी विकत घेतली नाही, पण आमच्या प्रत्येक लग्नाला ती होती. किलोमीटरच्या दराने.

परवा चुलतभावाच्या साखरपुड्याला हायक्रॉस आली. ऑटोमनवाली नव्हती. आत्याने सवयीने पर्समध्ये पिशवी ठेवली होती, ती तशीच राहिली. घाट उतरल्यावर तिने ड्रायव्हरला विचारलं, "बाळा, गाडी तुझीच का रे?"

"बँकेची आहे, आजी," तो म्हणाला. "अजून चार वर्षं."

आत्याने पर्समधली आलेपाकाची पुडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.