कोल्हापूर परिसरातील किनारी सहलींचे बदलते स्वरूप

एकाच रकमेत निवास, भोजन व करमणूक पुरविण्याच्या प्रथेला जेरार ब्लिट्झ यांनी १९५० मध्ये मायोर्का बेटावर सुरू केलेल्या ‘क्लब मेडिटेरानी’च्या तंबूवसाहतीने चालना दिली. भारतात १९७४ मध्ये ताज समूहाने गोव्यातील आग्वाद किल्ल्यालगत किनारी रिसॉर्ट उभारले.

कोल्हापूरला समुद्र नाही. परंतु आंबा घाट उतरून गणपतीपुळे, तर करूळ घाट उतरून तारकर्ली गाठता येते. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित झाला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने किनाऱ्यावरील घरांची दारे पर्यटकांसाठी उघडली. अनेक ठिकाणी राहण्या-जेवणाचा दर एकत्रच ठरतो. म्हणजे ‘सर्वसमावेशक’ वास्तव्याचे घरगुती रूप येथेही आढळते.

मात्र दोहोंत मूलभूत भेद आहे. आवारबंद रिसॉर्टमध्ये कुटुंबाचा बहुतांश खर्च आवारातच राहतो. घरगुती निवासात तो यजमान गृहिणी, मच्छीमार आणि नारळ-कोकम बागायतदार यांच्यापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे पर्यटन विकासाचे मूल्यमापन केवळ खोल्यांच्या संख्येवरून न करता, गावात उरणाऱ्या उत्पन्नावरून होणे इष्ट ठरते.