लेपाचे नियम

‘घरचेच आहे, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यामागचे गृहीतक तपासून पाहावे असे कुणालाच वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका मुलीने, लग्न आठवड्यावर आले असताना, चेहऱ्याला लिंबाचा रस चोळला आणि खरेदीसाठी ती भर उन्हात हिंडली. दोन दिवसांनी गालांवर फोड उठले. ते बसले, पण काळपट डाग कित्येक महिने राहिले. घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न एकच होता : आजीच्या काळापासून चालत आलेल्या उपायाने असे कसे झाले? त्याचे उत्तर शोधताना आम्हांला इतिहासाकडे वळावे लागले.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाचे विवेचन आहे. लेपाचे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत : दोष हरणारा, विष हरणारा आणि वर्ण खुलवणारा. त्याची जाडी पाव, तृतीयांश किंवा अर्धा अंगुळ असावी. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढण्यापूर्वी तो भिजवावा, काढल्यावर तेल लावावे. लेप असताना ऊन, अग्नी, बोलणे, इतकेच नव्हे तर शोक आणि क्रोधही टाळावा. पडसे, अजीर्ण किंवा जागरण झालेल्याला लेप लावूच नये. ऋतुपरत्वे लेपातील द्रव्येही बदलतात.

आम्हांला या विवेचनात द्रव्यांइतकेच महत्त्व निषेधांना दिलेले दिसते. सौंदर्याच्या उपायालाही मात्रा, काळ आणि पात्रता असते, हे त्या वैद्याने गृहीत धरले होते. दिवाळीच्या अभ्यंगातही तेच शहाणपण आचाराच्या रूपाने टिकले. आधी तेल, मग आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांचे ओले उटणे आणि लगेच ऊन पाण्याने स्नान. उटणे अंगावर वाळवत बसण्याची ही रीत नव्हे. पुढे उटण्याची पुडी बाजारातून येऊ लागली, पाककृती वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि नंतर पडद्यावरून येऊ लागल्या. या प्रवासात द्रव्यांची नावे तेवढी शिल्लक राहिली आणि नियम गळून पडले. खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावण्यासारखी नवी प्रथाही ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून खपू लागली.

विज्ञानाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेवरील सौम्य आम्ल आवरणाची संकल्पना मांडली. निरोगी त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो. लिंबाचा रस दोनच्या जवळ, तर सोडा आठच्या वर. एक फार आम्ल, दुसरा अल्कधर्मी. दोन्ही त्या आवरणाला मानवत नाहीत. शिवाय लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः त्यांच्या सालीत, अशी द्रव्ये असतात की ती कातडीवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखी इजा होते. वाग्भटाला हे रसायन ठाऊक नव्हते. पण ‘लेप असता ऊन टाळावे’ हा त्याचा नियम पाळला असता, तर आमच्या त्या मुलीचे गाल वाचले असते.

आणखी एक गोष्ट बदलली आहे : द्रव्य स्वतःच. हळदीला पिवळी धमक झाक यावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळले जात असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील संशोधनाने दाखवून दिले. शिसे पोटात गेले तर घातक, आणि क्रोमेट हे त्वचेच्या ॲलर्जीचे परिचित कारण आहे. आजीने अख्खे हळकुंड सहाणेवर उगाळले होते. आपण पुडी फोडतो.

जखमेवरील हळदीच्या वापराचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुन्या लिखित पुराव्यांच्या बळावर ते १९९७ साली रद्द करून घेतले. त्या विजयाचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु ज्या प्रकारच्या ग्रंथांना आपण साक्षीला उभे केले, त्यांतील निषेधही वाचण्याचे कर्तव्य त्या अभिमानाबरोबरच येते.

ते कर्तव्य फार अवघड नाही. नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून काही दिवस वाट पाहावी. त्वचेवर पट्टी लावून परीक्षा घेण्याची ही कल्पना याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली मांडली होती. बेसन, दूध, दही कालवले तर त्याच वेळी वापरावे, उरलेले टाकावे. लेप वाळण्यापूर्वी भिजवून काढावा, खरवडू नये. पुरळ वा जखम असलेल्या कातडीला काही लावू नये. लिंबू आणि सोडा स्वयंपाकघरातच राहू द्यावेत. आग होऊ लागली तर ‘गुण येतोय’ असे न समजता चेहरा ताबडतोब धुवावा, आणि त्रास थांबला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

परंपरा म्हणजे केवळ डब्यातील जिन्नस नव्हेत. ते कसे, किती आणि कोणी वापरू नयेत, हे सांगणारा आवाजही परंपराच आहे. तो आवाज आपण ऐकेनासे झालो, आणि त्याची किंमत एका मुलीने आपल्या लग्नात मोजली.