बंद गिरणी आणि चित्रकार

रायपूरहून नागपूरच्या वाटेवर राजनांदगाव लागते. तेथील राजे बलरामदास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उभारलेली कापडगिरणी पुढे बंगाल-नागपूर कॉटन मिल म्हणून नावारूपास आली. ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९२० साली तेथील कामगारांनी केलेला संप इतिहासात नमूद आहे. २००२ साली गिरणी बंद पडली. संपाचे साल आणि मालकांची नावे दप्तरात सापडतात, हे आम्हां कारकुनांस सांगावयास नको. परंतु पाळी सुटल्यावर धुराड्याची सावली माणसांवर कशी पडत असे, हे कोणत्या कागदावरून कळावे?

हे काम चित्रकाराचे. मुंबईच्या गिरणगावास तो डॉ. सुधीर पटवर्धन यांच्या रूपाने लाभला. १९४९ साली पुण्यास जन्मलेले पटवर्धन वैद्यकाची पदवी घेऊन १९७३ मध्ये मुंबईस आले आणि २००५ पर्यंत ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या व त्यांच्या जमिनींवर मनोरे उठू लागले. ‘लोअर परळ’ या त्यांच्या २००१ सालच्या चित्रात हा पालटच विषय झाला आहे.

अशा चित्रांची परंपरा बाहेरही आहे. अमेरिकन चित्रकार चार्ल्स शीलर याने १९३० साली फोर्डचा कारखाना रंगविला. त्या रेखीव देखाव्यात रुळांवर ठिपक्याएवढा एकच माणूस दिसतो. इंग्लंडमधील लॉरी तर १९५२ पर्यंत भाडेवसुली करणारा नोकरदार (आमच्याच जातकुळीचा!). त्याच्या गिरण्यांपुढे गर्दी असते, पण ती काडीसारख्या माणसांची. पटवर्धनांच्या माणसांना मात्र वजन आहे. खांदे, पोटऱ्या, थकवा आहे. इमारत जुनी झाली ती कोणाच्या श्रमाने, हे ती चित्रे विसरू देत नाहीत. म्हणून मला ती शीलरच्या निर्दोष देखाव्याहून अधिक खरी वाटतात.

राजनांदगावच्या गिरणीचे असे चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही. खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून तेथून जवळच आहे आणि तेथे चित्रकला शिकविली जाते. सकाळच्या बसने निघालेला विद्यार्थी सायंकाळी परत येऊ शकेल. साचेखाते कोठे होते, भोंगा कोठून ऐकू येई, हे बोटाने दाखविणारी माणसे अजून त्या गावात आहेत.