आमवात : सांध्यांतील आज्ञापत्रांचा इतिहास

रायपुरास बदलून आलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणाची बोटे आखडली की येथील पावसाळ्यास दोष देण्याची रीत आहे. परंतु पुणे जिल्ह्यातील भिगवण हे कोरड्या प्रदेशातले गाव. तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघर पाहणी केली, तेव्हा हजारी सुमारे पाच जणांस आमवात आढळला. तेव्हा कारण हवेपलीकडे शोधावयास हवे.

सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास माधवकराने आमवातास आपल्या निदानग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले. न पचलेला ‘आम’ वायूच्या प्रेरणेने सांध्यांत जाऊन ठाण मांडतो, असे त्याचे म्हणणे. त्याचा आमवात आणि गॅरडने १८५९ साली ज्यास ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हटले तो रोग तंतोतंत एकच, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि सांध्यांचे दुखणे सांध्यांत उपजत नाही, ही त्याची दृष्टी आम्हांस विलक्षण वाटते.

१९४० साली नॉर्वेच्या वालर यास रुग्णांच्या रक्तरसात प्रतिपिंडांनाच चिकटणारा एक घटक सापडला. रक्षकच घरावर उलटले, या तर्कास त्यामुळे बळ आले. १९४८ साली अमेरिकेत हेंच याने कॉर्टिझोन दिले आणि खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले. १९५० साली त्यास नोबेल पारितोषिकही मिळाले. पण औषधाचे दुष्परिणाम ध्यानात येताच तो जयघोष ओसरला.

रक्षकांस हुकूम कोण देतो, हा प्रश्न राहिलाच. आम्हां कारकुनांस तरी त्याचे उत्तर परके वाटू नये. पांढऱ्या पेशी आणि सांध्याच्या अस्तरातील पेशी एकमेकींस ‘सायटोकाइन’ नामक रासायनिक आज्ञापत्रे धाडतात. अशी पत्रे अनेक. एक अडविले तर दुसरे त्याचे काम करील, अशी पुष्कळांची समजूत होती. लंडनच्या केनेडी संस्थेतील फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने १९८९ साली ती खोटी ठरविली. रुग्णांच्या सांध्यांतील पेशी काचपात्रात वाढवून त्यांनी ‘टीएनएफ’ हे एकच पत्र अडविले. त्यासरशी इंटरल्युकिन-१ हे दुसरे दाहक पत्रही थंडावले. एका मेजावरील टिपण थांबताच खालची सारी जावक थांबावी, तसे! १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात रुग्णांवर पहिला प्रयोग झाला आणि सूज उतरली. औषधाचा अंमल सरताच मात्र ती परतली.

पुढे पेशीच्या आत इतर काही पत्रे पोचविणाऱ्या ‘जॅक’ नामक हरकाऱ्यांस रोखणारी गोळीही निघाली. २०१२ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. पण टीएनएफचे पत्र क्षयाच्या जंतूंस कोंडून ठेवण्यासही लागते. ते अडविले तर निद्रिस्त क्षय जागा होऊ शकतो. म्हणून आपल्या देशात ही सुई टोचण्यापूर्वी छातीचे चित्र आणि क्षयाची चाचणी केल्यावाचून गत्यंतर नसते.